मोतीबिंदू निघाला, तरी दिसत का नाही?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मोतीबिंदूविषयी वृत्तपत्रांतून जे लेख छापून येतात, ते बहुधा शस्त्रक्रियेपाशी येऊन संपतात. शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते, बहुतेकदा टाके घालावे लागत नाहीत, त्याच दिवशी घरी जाता येते आणि काही दिवसांत स्वच्छ दिसू लागते, असे त्यांत सांगितलेले असते. ते खरे आहे, आणि शस्त्रक्रियेच्या भीतीने वर्षानुवर्षे अंधुक नजरेने चाचपडणाऱ्या माणसांपर्यंत ते पोहोचायलाच हवे. परंतु ज्यांच्या अंगात मधुमेह, रक्तदाब, आमवात किंवा मूत्रपिंडाचा विकार आधीपासून मुक्कामाला आहे, त्यांची गोष्ट पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर सुरू होते. काही आठवडे किंवा काही वर्षे चांगले दिसते, मग पुन्हा धूसर होऊ लागते, आणि हे का होते, कोणाला विचारावे, किती घाईने विचारावे, हे सांगणारे कोणी जवळ नसते. गेली चार वर्षे मी त्याच अवस्थेतून जात आहे. त्यातून जे कळले ते इतरांना वेळेवर कळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे; कापायचे झाल्यास माझ्याविषयीचा मजकूर कापावा, आजाराविषयीचा ठेवावा.

माझे वय ७१. मधुमेहाला २२ वर्षे झाली, इन्शुलिन सुरू होऊन ९. रक्तदाबाची गोळी आहे आणि हातापायांच्या सांध्यांना आमवात आहे. नोकरीची सगळी वर्षे मुद्रितशोधनात गेली, त्यामुळे नजरेत होणारा लहानसा बदलही मला छापील ओळीवर चटकन जाणवतो. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर पट्टी सुटली तेव्हा पांढरा कागद खरोखर पांढरा दिसला. त्याआधी कित्येक वर्षे मी तो पिवळट पाहत होते, हे तेव्हाच कळले. पहिले काही आठवडे फार आनंदात गेले. पाचव्या आठवड्यात वाचताना ओळीचा मधला भाग फिका पडू लागला, अनुस्वार आणि रफार दिसेनासे झाले, आणि सरळ छापलेली ओळ मध्येच किंचित वर उचलल्यासारखी वाटू लागली. रुग्णालयात फोन केला तेव्हा ज्यांनी तो घेतला त्यांनी, जखम भरायला वेळ लागतो, थेंब चालू ठेवा, असे सांगितले. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी, वयोमानाने असे व्हायचेच, म्हणून समजूत घातली. चष्म्याचा नंबर ठरला की सगळे ठीक होईल, या आशेवर मीही राहिले. असे सात आठवडे गेले. शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी झाली, ओसीटी यंत्रावर डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे, चित्र काढले गेले, आणि पडद्याच्या नेमक्या मध्यावर, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात त्या जागी, सूज असल्याचे निघाले.

ही सूज अनाकलनीय नाही आणि नवीनही नाही. आयर्विन या नेत्रतज्ज्ञांनी १९५३ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या या विकाराचे वर्णन केले आणि पुढे गॅस यांनी पडद्यात द्रव कसा साचतो हे दाखवले. दोघांच्या नावानेच हा विकार ओळखला जातो. शस्त्रक्रियेमुळे डोळ्यात जो थोडाफार दाह होतो, त्याने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि साधारणपणे चौथ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान नजर मंदावते. निरोगी माणसात ही सूज पुष्कळदा थेंबांनीच ओसरते. मधुमेही माणसाच्या त्या रक्तवाहिन्या मुळातच कमकुवत झालेल्या असतात, त्यामुळे त्याला हा धोका अधिक असतो, आणि शस्त्रक्रियेपूर्वी पडद्यावर जो मधुमेहाचा विकार असेल तोही तिच्यानंतर बळावू शकतो. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. थेंबांनी थोडा फरक पडला, उरलेल्यासाठी डोळ्यात इंजेक्शने घ्यावी लागली. नजर बरीच परत आली, पण सगळी आली नाही. ते सात आठवडे वाचले असते तर सगळी आली असती, असा दावा मी करणार नाही. मात्र ज्या विकाराला नाव आहे आणि उपचारही आहे, त्यापायी सात आठवडे नुसती वाट पाहण्याची पाळी कोणावर येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

डाव्या डोळ्याची हकिगत वेगळी आहे. त्याची शस्त्रक्रिया झाल्यावर दीड वर्ष उत्तम दिसत होते. मग समोर कोणी पातळ पांढुरका कागद धरावा तसे सगळे धुरकट होऊ लागले, आणि रात्री समोरून येणारा दिव्याचा प्रकाश फाकून डोळ्यांवर येऊ लागला. याही पडद्याला सूज आली, आता वाचन संपले, या धास्तीने मी दोन रात्री झोपले नाही. तपासणीत मात्र पडदा कोरडा निघाला. मोतीबिंदू काढताना नैसर्गिक भिंगाचे पातळ आवरण मुद्दाम मागे ठेवतात, कारण कृत्रिम भिंग त्याच आवरणात बसवायचे असते. तिथे उरलेल्या पेशी काही महिन्यांनी वा वर्षांनी वाढतात आणि ते आवरण गढूळ करतात. लोक याला मोतीबिंदू परत आला असे म्हणतात, पण काढलेला मोतीबिंदू परत येत नसतो. कृत्रिम भिंग खराब झाले, अशीही शंका अनेकांना येते आणि आपण हलके भिंग बसवून घेतले म्हणून ते स्वतःला दोष देतात. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयात पहिले कृत्रिम भिंग बसवले, त्याला आता पाऊणशे वर्षे झाली. भिंग आयुष्यभर टिकावे याच हिशेबाने बसवतात, आणि नंतर येणाऱ्या धूसरपणाचा दोष क्वचितच त्याच्याकडे जातो. गढूळ आवरणाला यॅग लेसरने मध्यभागी लहानशी खिडकी पाडतात. काही मिनिटांचे काम, सुई नाही, चिरा नाही. दुसऱ्या दिवशी मला रफार दिसले.

एकाच माणसाचे दोन डोळे, दोन्हींची तक्रार 'पुन्हा दिसेनासे झाले' अशी एकच, आणि कारणे मात्र अगदी निराळी. या पत्रात मला जे सांगायचे आहे ते हेच आहे. शस्त्रक्रियेनंतर नजर उतरणे हा एक आजार नाही. त्यामागे काय आहे, हे बाहुली मोठी करून पडदा पाहिल्याखेरीज कोणालाही सांगता येणार नाही. फोनवर नाही, चष्म्याच्या दुकानात नाही, आणि आधी असे झालेल्या शेजाऱ्याच्या अनुभवावरून तर नाहीच. लेसरची घाई करण्यातही धोका आहे. धूसरपणा आवरणाचा आहे की पडद्याचा, हे ठरण्याआधी खिडकी पाडून घेतली तर मूळ दुखणे तसेच राहते, आणि लेसरनंतर काही जणांच्या डोळ्याचा दाब वाढतो किंवा पडद्याला सूज येते, म्हणून आधी पडदा पाहणे आवश्यक असते.

तिसरे कारण मला सर्वांत उशिरा कळले, कारण ते फार साधे आहे. सकाळी बरे दिसते, दुपारी वाचायला बसले की अक्षरे पुसट होतात, आणि चार-सहा वेळा डोळे मिचकावले की क्षणभर पुन्हा स्वच्छ होतात, असे होत असेल तर डोळे कोरडे पडण्याची शक्यता बरीच असते. शस्त्रक्रियेनंतर हा कोरडेपणा वाढतो, आमवातात तो मुळात अधिक असतो, आणि दिवसातून अनेकदा घालायच्या थेंबांतले टिकाऊपणासाठीचे रसायनही त्याला हातभार लावू शकते. अशा वेळी त्या रसायनाविना मिळणारे थेंब द्यावेत का, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारण्याने माझी दुपार मला परत मिळाली.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की त्यांसाठी पुढच्या भेटीची तारीख पाहत बसू नये. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला आणि नजर उतरू लागली, तर आत जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तासांना महत्त्व असते. केव्हाही अचानक प्रकाशाचे झोत चमकू लागले, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे वाटले, किंवा एका बाजूने काळी सावली सरकत आली, तर पडदा सुटत असण्याची शक्यता असते. एका डोळ्याची नजर एकाएकी गेली, मग ती थोड्या वेळाने परत आली तरी, त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांना तर पडद्याच्या रक्तवाहिनीत अडथळा येण्याची आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्याचीही भीती असते. हे सारे मला कोणी लिहून दिले नव्हते. शस्त्रक्रियेच्या दिवशी माणूस इतक्या गोंधळात असतो की तोंडी सांगितलेले निम्मे त्याच्या कानावरून जाते, आणि डिस्चार्ज कार्डावरची अक्षरे इतकी बारीक असतात की ज्याचा डोळा नुकताच उघडला आहे त्याला ती वाचता येत नाहीत.

आता जुन्या आजारांविषयी. डोळ्यांचा दवाखाना आणि बाकीच्या शरीराचा दवाखाना असे दोन वेगळे दवाखाने आपण मनात धरतो, आणि दोन्हीकडचे डॉक्टरही पुष्कळदा तसेच धरतात. रुग्ण मात्र एकच असतो. पूर्वी माझी साखर वाढली की चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा होई, कारण साखरेच्या चढउताराने नैसर्गिक भिंग फुगते आणि पूर्ववत होते. ते भिंगच आता डोळ्यात नाही आणि कृत्रिम भिंग साखरेने फुगत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर नजर कमी-जास्त होऊ लागली तर 'साखर वाढली असेल, उतरेल' हा जुना हिशेब लावून स्वस्थ बसू नये. कारण पडद्यात किंवा अश्रूंच्या थरात असू शकते. दुसरे असे, की १९९८ मध्ये ब्रिटनमधील यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले की, साखरेबरोबरच रक्तदाब आटोक्यात ठेवल्यानेही मधुमेही माणसाच्या पडद्याचे रक्षण होते. तरी डोळ्यांच्या दवाखान्यात आपण साखरेचा आकडा सांगतो आणि रक्तदाबाचा विसरतो. त्याआधी, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि कॅनडातील डीसीसीटी या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली होती. बरीच वाढलेली साखर एकदम खाली आणली तर सुरुवातीच्या काही महिन्यांत काहींच्या पडद्याचा विकार तात्पुरता वाढतो, जरी पुढे दीर्घकाळात फायदाच होतो. यावरून साखर वाढलेली राहू द्यावी असा अर्थ कोणी काढू नये. इन्शुलिन नव्याने सुरू होताना किंवा उपचार कडक होताना ते नेत्रतज्ज्ञांच्या कानावर घालावे आणि तपासणी थोडी लवकर करून घ्यावी, एवढाच तिचा अर्थ आहे.

औषधांचेही तसेच आहे. आमवातासाठी घेतलेली स्टेरॉइडची गोळी साखर वाढवते, मोतीबिंदूला निमंत्रण देते आणि डोळ्याचा दाबही वाढवू शकते; शस्त्रक्रियेनंतरचे स्टेरॉइडचे थेंबसुद्धा काही जणांत दाब वाढवतात, म्हणून ते आपल्या मनाने जास्त दिवस चालू ठेवू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत. आमवातावरच दिली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही गोळी अनेक वर्षे घेतल्यास पडद्याला इजा करू शकते. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये असे सुचवले की तिची मात्रा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत असावी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची विशिष्ट तपासणी व्हावी. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही आधी. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलोलचे थेंब डोळ्यातून नाकावाटे रक्तात उतरतात आणि दम्याच्या रुग्णाला धाप लावू शकतात, कोणाचे नाडीचे ठोके मंद करू शकतात. थेंबाने काय होणार, असे म्हणून आपण दमा असल्याचे सांगतच नाही. प्रोस्टेटसाठी पुरुष जी टॅमसुलोसिनची गोळी घेतात, तिच्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यातली बुबुळाची चकती सैल पडते, हे २००५ मध्ये लक्षात आले. शल्यचिकित्सकाला आधी ठाऊक असेल तर तो त्याची तयारी ठेवतो. ठाऊक नसेल तर अडचण ऐन शस्त्रक्रियेत उभी राहते.

म्हणून मी आता एकच कागद बाळगते. त्यावर जाड काळ्या अक्षरांत माझे आजार, सगळ्या गोळ्या, इन्शुलिनच्या मात्रा, डोळ्यांचे थेंब, दोन्ही शस्त्रक्रियांच्या तारखा, भिंगाचा क्रमांक आणि पडद्याची शेवटची तपासणी केव्हा झाली ते लिहिलेले आहे. कोणत्याही डॉक्टरांकडे गेले की तो आधी पुढे करते. दोन तज्ज्ञ एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या वतीने हा कागद बोलतो. खरे म्हणजे हे काम रुग्णावर पडू नये, विशेषतः ज्याला लिहिणे-वाचणे अवघड झाले आहे त्याच्यावर तर पडूच नये.

नजर उतरल्यावर जुना आजार सांभाळणे किती धोक्याचे होते, याचा अनुभव मी सविस्तर सांगते, कारण याविषयी मला कोणीही आधी सावध केले नव्हते. इन्शुलिनच्या पेनच्या लहानशा खिडकीत आकडा पाहून मात्रा लावायची असते. एका रात्री मी ८ समजून १८ लावले. पहाटे घामाने चिंब होऊन जागी झाले, हात थरथरत होते आणि शब्द सुचत नव्हता. यजमान जागे होते म्हणून वेळेवर साखर तोंडात पडली. त्यानंतर पेनच्या खटक्यांचा आवाज मोजून मात्रा लावण्याचा विचार आला होता, पण केवळ खटक्यांवर विसंबू नये असे पेनसोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले होते, जे आम्ही भिंगाखाली धरून वाचले. आता मात्रा मी लावते आणि यजमान आकडा मोठ्याने वाचतात. ते घरी नसतील तर दिवा असलेल्या भिंगाखाली पाहून मगच टोचते. जेवणापूर्वीच्या पेनला रबर बँड गुंडाळला आहे, रात्रीच्या पेनला नाही. हाताला जे कळते ते डोळ्याला विचारावे लागत नाही. थेंबांच्या बाटल्यांनाही अशीच खूण आहे, कारण एकाच आकाराच्या तीन पांढऱ्या बाटल्यांत नावे वाचत बसणे म्हणजे रोज एक चूक होण्याची वाट पाहणे होय.

आमवाताने आखडलेल्या बोटांना ती बाटली दाबणेही जड जाते. आडवे पडून, खालची पापणी ओढून झालेल्या खळग्यात एकच थेंब सोडावा, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलके दाबून ठेवावा, म्हणजे औषध डोळ्यात राहते आणि रक्तात कमी जाते. दुसरा थेंब घालण्यापूर्वी किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. इतकी साधी कृती मला चौथ्या वर्षी एका परिचारिकेने दाखवली. तोवर माझे निम्मे औषध गालावरून ओघळत होते.

पायांविषयीही सांगायला हवे. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी होते, तेव्हा डॉक्टर रोज पाय पाहायला सांगतात. पण ज्याला पाहता येत नाही त्याने काय करावे, हे कोणी सांगत नाही. गेल्या वर्षी माझ्या टाचेला जखम झाली, ती दुखली नाही आणि मला दिसलीही नाही; मोज्यावरचा डाग यजमानांनी पाहिला म्हणून ती चिघळण्याआधी कळली. आता रोज रात्री ते विजेरी घेऊन माझे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहतात. ज्यांच्या घरी दुसरे कोणी नाही त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगावी आणि पायांची तपासणी प्रत्येक भेटीत मागून घ्यावी.

डोळ्यातल्या इंजेक्शनाची भीती मोठी असते, परंतु डोळा बधिर केलेला असतो आणि टोचण्याचा क्षण खरोखरच क्षणाचा असतो. खरा भार पडतो तो पुन्हा पुन्हा जाण्याचा. सुरुवातीला दरमहा जावे लागते, बाहुली मोठी केलेली असल्यामुळे परतताना सोबत कोणीतरी लागते, आणि त्याच महिन्यात रक्ताची तपासणी, सांध्यांच्या डॉक्टरांची भेट, कोणाला आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिस, हे सगळे चालूच असते. म्हणून थोडे बरे दिसू लागले की माणूस एक खेप चुकवतो, मग दुसरी. सूज हळूहळू परत येते आणि तोवर पडद्याचे नुकसान झालेले असते. अशा माणसाला निष्काळजी म्हणण्याआधी त्याच्या महिन्याचा हिशेब कोणीतरी मांडून पाहावा. रुग्णालयांनी एकाच दिवशी दोन भेटी जुळवून दिल्या तरी पुष्कळ उपचार अर्धवट सुटणार नाहीत.

तक्त्यावरची अक्षरे वाचली की डॉक्टर ६/१२ (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून वाचता येते ते ६ मीटरवरून वाचता येणे) लिहितात आणि चांगले आहे म्हणतात. स्नेलन यांनी तो तक्ता १८६२ मध्ये तयार केला. पांढऱ्यावर ठळक काळे अक्षर किती लहान वाचता येते, एवढेच तो मोजतो. घरात मात्र करड्या जिन्याची करडी पायरी उतरायची असते आणि मावळत्या प्रकाशात समोरच्याचा चेहरा ओळखायचा असतो. फिक्या आणि गडद रंगांतला फरक किती कळतो, हे मोजणारा पेली-रॉब्सन तक्ता १९८८ पासून उपलब्ध आहे, पण तो किती जणांपुढे धरला जातो? 'तक्ता वाचता येतो, पण जिना उतरता येत नाही' असे रुग्णाने सांगितले तर ते नोंदवले जावे. आमच्या घरी प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली, दिवा समोर न ठेवता खांद्यामागून कागदावर पडेल असा ठेवला, आणि मजकूर वाचून दाखवणारी फोनची सोय मी नजर शिल्लक असतानाच शिकून घेतली. उपचारांनीही जी नजर परत येत नाही, तिच्यासाठी अल्पदृष्टी तपासणी नावाची वेगळी शाखा आहे, जिथे उरलेल्या नजरेला साजेशी भिंगे, दिवे आणि सवयी शिकवतात. मला तिचे नाव तिसऱ्या वर्षी कळले.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. उजव्या डोळ्याची नजर सर्वांत वाईट होती त्या दिवसांत मला भिंतीवर जाळीची नक्षी दिसे आणि कधी लहान लहान अनोळखी चेहरे. ते खरे नाहीत हे मला ठाऊक होते, पण वेड लागले म्हणतील या भीतीने तीन महिने मी कोणालाही सांगितले नाही, यजमानांनाही नाही. शेवटी डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे त्याचे नाव सांगितले: शार्ल बोने सिंड्रोम. शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना होणाऱ्या अशाच भासांविषयी लिहिले होते. त्या आजोबांच्याही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती आणि नजर उतरलेली होती, बुद्धी मात्र शाबूत होती. डोळ्याकडून पुरेसे चित्र येत नाही तेव्हा मेंदू आपल्याच साठ्यातून चित्रे पुरवतो. असे भास होत असतील तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावेत, कारण औषधांमुळे किंवा दुसऱ्या आजारामुळेही असे होऊ शकते आणि तेही तपासावे लागते. पण त्यांना घाबरून एकट्याने गप्प बसू नये. कोणी वाचक या क्षणी तसा गप्प बसला असेल, म्हणूनच मी हे लिहिले आहे.

'मोतीबिंदू पिकू द्या' या समजुतीविषयीही दोन शब्द. मधुमेही माणसासाठी ती विशेष घातक आहे, कारण मोतीबिंदू दाट झाला की डॉक्टरांना पडदा दिसत नाही, आणि त्यामागे वाढणारा विकार लपून राहतो. पडदा दिसत असतानाच त्याची तपासणी आणि गरज असेल तर उपचार झाले, तर शस्त्रक्रियेनंतर किती दिसेल याचा अंदाजही आधी देता येतो. माझ्या मैत्रिणीला तिच्या डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते: भिंग स्वच्छ होईल, पण पडदा जेवढे दाखवील तेवढेच दिसेल. तिला नंतर निराशा आली नाही. मला आली, कारण मला फक्त शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे सांगितले होते, आणि ती तशी झालीही होती.

माझी नेत्ररुग्णालयांना विनंती आहे की, मधुमेह किंवा असा दीर्घ आजार असलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रियेनंतर चौथ्या ते सहाव्या आठवड्यात बाहुली मोठी करून पडदा तपासण्याची तारीख घरी जातानाच द्यावी; धोक्याची लक्षणे मोठ्या, जाड अक्षरांत एका कागदावर छापून द्यावीत; आणि फोन घेणाऱ्या व्यक्तीला 'ओळ वाकडी दिसते' हे शब्द ऐकताच ती तक्रार डॉक्टरांपर्यंत नेण्याची शिकवण द्यावी. मधुमेहाच्या आणि आमवाताच्या डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत, पडदा शेवटचा केव्हा तपासला, हे विचारावे. घरच्यांना एवढेच सांगणे आहे की, वयोमानाने होते, हे वाक्य तपासणीनंतर डॉक्टरांनी म्हटले तर ऐकावे, आधी आपण म्हणू नये. आणि प्रत्येक रुग्णाने आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून, चष्मा लावून, चौकटीच्या वहीचे पान किंवा या वृत्तपत्राचा एखादा स्तंभ पाहावा, मग दुसरा डोळा झाकून पाहावा. दोन्ही डोळे एकदम उघडे असले की चांगला डोळा वाइटाला झाकून घेतो, आणि मध्यभागी पडलेला डाग महिनोन् महिने ध्यानात येत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. आरोग्याचे पान आपण ज्या आकाराच्या अक्षरांत छापता, त्यात ज्यांच्यासाठी ते असते त्यांतले बरेच जण ते वाचू शकत नाहीत. रंगीत चौकटीवर छापलेला मजकूर तर माझ्यासारख्यांना कोरा कागद वाटतो. निदान ते एक पान पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईने, थोड्या मोठ्या टाइपात छापता आले तर पाहावे.

कळावे.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक